पॉइंट टू-टूच्या सफाईसाठी व्हीएफजीचे फेल्ट: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

एनसीसीत असताना रायफल साफ करायला आम्हाला पुलथ्रूची दोरी आणि चार इंच बाय दोन इंचांची चिंदी मिळत असे. दोरीचे वजनदार टोक चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या कप्प्यातून, आत सोडायचे आणि ते नळीच्या तोंडातून बाहेर आले की एका दमात सरळ ओढायचे, एवढेच शिकवले जाई. पण गोळी ज्या दिशेने जाते त्याच दिशेने घाण बाहेर काढायची, हा सफाईचा मुख्य नियम त्यात आपोआप पाळला जात होता. पुढे स्वतःची पॉइंट टू-टू (०.२२ इंच मापाच्या नळीची रायफल) घेतल्यावर मी एका दुकानातून ॲल्युमिनियमचा तीन तुकड्यांचा सफाईचा रॉड आणला आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढण्याचा कंटाळा म्हणून तो नळीच्या तोंडाकडून घालू लागलो. सांध्यांच्या कडा आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलेले बारीक कण यांनी क्राउनवर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेवर, एका बाजूला चकाकणारा घासा पाडला. गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेला, आणि ५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो.

क्राउन दुरुस्त करून घेतल्यानंतर मी जर्मन व्हीएफजी कंपनीचे फेल्ट, फेल्ट रॉडला जोडणारा त्यांचा पितळी अडॅप्टर, प्लास्टिकचे आवरण असलेला अखंड रॉड आणि बोल्टच्या जागी बसून रॉड सरळ नळीत नेणारा बोअर गाइड असा संच घेतला. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवल्यापासून रेंजवर नव्याने येणारे पालक रायफलीच्या सफाईबद्दल वारंवार विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फेल्ट म्हणजे नळीच्या मापाची, घट्ट दाबलेल्या लोकरीची छोटी गुंडी. बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, मगच बोल्ट काढावा. रायफल स्टँडवर ठेवताना नळीचे तोंड थोडे खाली असावे, नाहीतर सफाईचे द्रावण मागे ओघळून ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरते. अडॅप्टरच्या आट्यांवर फेल्ट बरोबर मध्यभागी फिरवून बसवायचा, त्यावर द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि गाइडमधून सावकाश ढकलायचा. पहिला फेल्ट काळाकुट्ट निघतो, दुसरा राखाडी, आणि चौथा-पाचवा कोरडा फेल्ट जवळजवळ पांढरा आला की थांबावे. चिंदी कधी सैल बसते, कधी अडकते. फेल्ट मात्र नळीला सर्व बाजूंनी सारखा टेकतो आणि रॉडवर हाताचा दाब एकसारखा राहतो. मला या संचात सर्वाधिक मोल याचेच वाटते, कारण नळी गोळ्यांनी झिजते त्याहून लवकर चुकीच्या सफाईने खराब होते.

उणिवाही आहेत. चेंबरच्या पुढे जमणारे कठीण काजळीचे कडे साध्या फेल्टने निघत नाही. त्यासाठी ब्राँझचा ब्रश वेगळा घ्यावा लागतो आणि तो चेंबरपुरताच, बेताने वापरावा लागतो. फेल्ट तिरका बसला तर लोकरीचा तंतू चेंबरमध्ये राहतो, म्हणून शेवटी टॉर्च लावून पाहणे आवश्यक आहे. माल परदेशी असल्याने तो वेळेवर मिळेलच असे नाही. मी एका वेळी वर्षभराचा साठा घेतो. शिवाय सफाईनंतर माझ्या रायफलीच्या पहिल्या आठ-दहा गोळ्या गटाबाहेर, म्हणजे नेहमीच्या जागेपासून दूर, जातात, कारण काडतुसातल्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसावा लागतो. त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी सफाई मुळीच करू नये.

साध्या पॉइंट टू-टूची गोळी तांब्याचे आवरण नसलेल्या शिशाची असते, त्यामुळे तांबे काढणारी अमोनियायुक्त द्रावणे घेण्याचे कारण नाही. एअर रायफलसाठी ४.५ मिलिमीटरचे फेल्ट मिळतात, परंतु ते कोरडेच वापरावेत. दाबाखालची हवा आणि तेल यांची गाठ पडू देऊ नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र या संचाच्या भरवशावर राहता येत नाही. एका जुलैत मी साफ केलेली रायफल फोमच्या पेटीत बंद करून तीन आठवडे विसरलो आणि फोम जिथे टेकत होता तिथे नळीवर तांबूस ठिपके उठले. आता मी शेवटचा फेल्ट तेलाच्या एका थेंबाने ओलावून फिरवतो, नळीला बाहेरूनही तेलाचा हात देतो, आणि रायफल पेटीऐवजी कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवतो. पुढच्या वेळी गोळी झाडण्यापूर्वी एक कोरडा फेल्ट फिरवून ते तेल काढावे लागते. वापरलेल्या फेल्टमध्ये शिसे असते; ते वेगळ्या पिशवीत बांधून मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नये.