सीएमएलसाठी इमॅटिनिब की निलोटिनिब?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात (सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग) दोन्ही औषधे बीसीआर-एबीएल या सदोष प्रथिनालाच रोखतात. रोजच्या वापरात मात्र ती फार वेगळी आहेत.

इमॅटिनिबचा नेहमीचा डोस 400 मिग्रॅ, दिवसातून एकदा, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन. उपाशीपोटी घेतले की मळमळते. डोळ्यांभोवती सूज आणि पायात गोळे येणे या नेहमीच्या तक्रारी.

निलोटिनिब नव्या रुग्णाला 300 मिग्रॅ, दर 12 तासांनी. आधी 2 तास आणि नंतर 1 तास काही खायचे नाही. ही अट गंभीर आहे: अन्नाबरोबर औषध जास्त शोषले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सुरुवातीला ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासतात. साखर व कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आमचा कल इमॅटिनिबकडे.

निलोटिनिबने खोल प्रतिसाद (म्हणजे रक्तातील बीसीआर-एबीएल अगदी कमी होणे) लवकर मिळतो, पण एकूण आयुर्मानात मोठा फरक दिसलेला नाही. 3 महिन्यांनी रक्ततपासणीत बीसीआर-एबीएल 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर औषध बदलण्याआधी चुकलेले डोस मोजा. बऱ्याचदा कारण तिथेच सापडते. टी315आय या बीसीआर-एबीएलमधील उत्परिवर्तनावर (जनुकीय बदलावर) दोन्ही निष्प्रभ.