गूगलचं ‘री:वर्क’: नव्या मॅनेजरने त्यातलं काय घ्यावं, काय मागे ठेवावं

पहिल्यांदा टीमची जबाबदारी आली की माणूस आधार शोधू लागतो आणि शोधता शोधता बहुधा गूगलच्या ‘री:वर्क’ या उपक्रमातल्या साहित्यापर्यंत पोचतो. मॅनेजरांसाठी त्यात बरंच काही मोफत मिळतं. वन-ऑन-वन म्हणजे मॅनेजर आणि टीममधला एक माणूस अशा दोघांच्याच मीटिंगच्या अजेंड्याचा नमुना आहे, करिअरबद्दल बोलण्यासाठी ‘ग्रो’ या चार टप्प्यांच्या पद्धतीचा तक्ता आहे, टीमने आपल्या मॅनेजरबद्दल भरायची प्रश्नावली आहे आणि नव्या मॅनेजरांच्या प्रशिक्षणाचा आख्खा संच आहे. सगळं इंग्रजीत, पण भाषा सोपी. प्रत करून घेऊन आपल्या कामाप्रमाणे बदलता येते. साहित्य उत्तम आहे, मात्र ते कोणत्या क्रमाने वापरायचं हे त्यात नीट सांगितलेलं नाही. सगळं एकदम सुरू करणाऱ्या नव्या मॅनेजरचं महिनाभरात सगळंच मागे पडतं.

या साहित्याच्या मुळाशी असलेलं काम भक्कम आहे. २००२ मध्ये गूगलने इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकण्याचा प्रयोग केला होता. तो काही महिन्यांतच गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या वादांपर्यंत सगळं थेट वरच्यांकडे जाऊ लागलं. पुढे २००८ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ हा अभ्यास सुरू झाला, तोही मॅनेजरने खरोखर काही फरक पडतो का, या शंकेतूनच. कामाची मूल्यांकनं, कर्मचाऱ्यांची सर्वेक्षणं आणि मुलाखती यांचा ताळा घेतल्यावर चांगल्या मॅनेजरांच्या आठ सवयी पुढे आल्या. टीमला कोच करणं, म्हणजे तयार उत्तर न देता प्रश्न विचारून माणसाला स्वतः वाट शोधायला मदत करणं, पहिलं होतं आणि स्वतःचं तांत्रिक कौशल्य आठवं. २०१८ मध्ये यादीत दोन सवयींची भर पडली: संस्थेतल्या इतरांशी मिळून काम करणं आणि ठाम निर्णय घेणं.

ही यादी वाचायला छान आहे, भिंतीवर लावायलाही. पण ‘चांगला कोच व्हा’ एवढ्यावरून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. म्हणून यादी एकदा वाचून बाजूला ठेवावी आणि थेट नमुन्यांकडे वळावं.

सगळ्यात मोलाचा नमुना वन-ऑन-वनचा, आणि सगळ्यात चुकीचा वापरही त्याचाच होतो. नमुन्यात मोकळ्या विचारपूशीचा प्रश्न, कामातले अडथळे, उद्दिष्टांची प्रगती, रजा-खर्चासारख्या प्रशासकीय बाबी, करिअर आणि पुढची पावलं असे विषय आहेत. नवा मॅनेजर वरून खाली एकेक विषय घेत जातो. ‘प्रगती’पाशी आला की तिथेच अडकतो, कारण तो विषय त्याच्या ओळखीचा असतो आणि वरून विचारणा त्याचीच होणार असते. अर्धा तास ‘हे झालं, ते राहिलं’ यात जातो. चार आठवड्यांनी समोरच्याला वाटू लागतं की ही हजेरीच आहे. मग तो ‘आज विशेष काही नाही’ म्हणतो आणि मीटिंग हळूहळू बंद पडते.

हे टाळायचं तर नमुना वापरण्याआधी त्याची फेरमांडणी करावी. ३० मिनिटांतली पहिली १५ टीममधल्या माणसाची. विषय त्याने आदल्या दिवशी दोघांना दिसणाऱ्या एकाच फाइलमध्ये लिहून ठेवायचे. पुढची १० मॅनेजरची. शेवटची ५ मिनिटं फक्त कोण काय कधीपर्यंत करणार, हे त्याच फाइलमध्ये लिहिण्यासाठी. प्रगतीचा अहवाल या मीटिंगमधून पूर्ण काढावा. तो टीमच्या बोर्डवर किंवा आठवड्याच्या चार ओळींच्या मेलमध्ये असावा. करिअरचा विषयही इथे कोंबू नये. त्यासाठी सहा ते आठ आठवड्यांतून एकदा ४५ मिनिटं वेगळी ठेवावीत.

वेळेचा हिशेब आधीच करावा. आठ जणांची टीम असेल तर दर आठवड्याला अर्धा तास म्हणजे चार तास, शिवाय प्रत्येकामागे दहा मिनिटं आधीच्या नोंदी वाचायला. म्हणजे सव्वापाच तासांच्या आसपास. हा वेळ कॅलेंडरमध्ये अडवून ठेवला नाही तर मिळणारच नाही. माणसं दहाच्या वर गेली तर दर दोन आठवड्यांनी ४५ मिनिटं ठेवावीत, पण नव्याने आलेल्यांना आणि अडचणीत असलेल्यांना दर आठवड्यालाच भेटावं. मीटिंग पुढे ढकलावी लागली तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ लगेच द्यावी. नुसतं रद्द केलं की समोरचा आपलं महत्त्व त्यावरूनच जोखतो, आणि असं दोनदा झालं की अडचणी त्याच्या तोंडून नव्हे, तिसऱ्याकडून कळू लागतात.

‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘ठीक’ हेच उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात कोणत्या कामात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला?’ किंवा ‘कुणाच्या उत्तरासाठी थांबून राहावं लागलंय?’ असं विचारलं की अडथळा बाहेर येतो. अडथळा कळल्यावर मॅनेजरने निदान एक काम स्वतःच्या नावावर लिहून घ्यावं आणि पुढच्या भेटीआधी ते पूर्ण करावं. विश्वास बसतो तो या एका ओळीमुळे. नमुन्यात ‘पुढची पावलं’ आहेत खरी, पण ती मॅनेजरचीही असतात हे पुरेसं ठसत नाही.

आता ‘ग्रो’चा तक्ता. ध्येय, वास्तव, पर्याय आणि निर्धार या चार टप्प्यांची ही पद्धत गूगलची नाही. कोचिंगच्या क्षेत्रात ती आधीपासून रुळलेली होती. री:वर्कने ती करिअरच्या संभाषणासाठी प्रश्नांसह मांडली आहे आणि मांडणी चांगली आहे. अडचण येते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये. कालपर्यंत स्वतः काम करत असलेल्या मॅनेजरला उत्तर दिसत असतं, म्हणून तो वास्तव पुरतं ऐकून घ्यायच्या आत स्वतःचाच पर्याय सुचवतो. समोरचा ‘हो’ म्हणतो आणि करत मात्र नाही. यावरचा उपाय साधा आहे: समोरच्याने स्वतःचे निदान तीन पर्याय सांगेपर्यंत आपला एकही सांगायचा नाही. दुसऱ्या पर्यायानंतर शांतता पसरते. ती मोडायची घाई करू नये, कारण नेहमीचं उत्तर संपल्यावरच माणूस खरा विचार करू लागतो.

तक्त्यात न लिहिलेली एक महत्त्वाची मर्यादा आहे. ज्याला काम करताच येत नाही, त्याच्यावर ‘ग्रो’ वापरू नये. पहिल्यांदाच ग्राहकाला प्रस्ताव पाठवणाऱ्याला ‘तुला काय वाटतं, काय करावं?’ असं विचारत राहणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. त्याला एक चांगला नमुना दाखवावा, पहिला प्रस्ताव सोबत बसून करावा, दुसरा त्याने करावा आणि आपण तपासावा. प्रश्न विचारायची वेळ तिसऱ्यापासून येते. कोचिंग आणि शिकवणं यांतला हा फरक नव्या मॅनेजरला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

फीडबॅकसाठी प्रशिक्षण संचात स्वतंत्र भाग आहे, पण रोजच्या वापराला त्याहून आटोपशीर साधन लागतं. ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या नेतृत्व-प्रशिक्षण संस्थेने रूढ केलेली प्रसंग, वागणूक, परिणाम ही तीन पायऱ्यांची रचना त्यासाठी पुरते. ‘तू बेफिकीर आहेस’ हा माणसावरचा शिक्का झाला. त्याऐवजी ‘मंगळवारच्या आढावा मीटिंगमध्ये तू आकडे न तपासता मांडलेस, त्यामुळे ग्राहकाने उरलेल्या अहवालावरही शंका घेतली’ असं म्हटलं की बोलण्यासारखं काहीतरी हाती येतं. यानंतर थांबून ‘तुझ्या बाजूने काय झालं होतं?’ हे विचारायचंच. असा फीडबॅक प्रसंगानंतर ४८ तासांच्या आत आणि एकट्याला भेटून द्यावा. कौतुकालाही हीच रचना लावावी. ‘छान केलंस’ ऐकून बरं वाटतं, पण पुन्हा नेमकं काय करायचं ते कळत नाही.

मॅनेजरबद्दलची प्रश्नावली हा या साहित्यातला सगळ्यात धाडसी भाग आहे, आणि तो चुकला तर सगळ्यात जास्त नुकसान करणाराही. मॅनेजर सुधारता येईल असा फीडबॅक देतो का, बारीकसारीक गोष्टींत विनाकारण हात घालत नाही ना, समोरच्याचा माणूस म्हणून विचार करतो का, वरची माहिती खाली पोचवतो का, गेल्या सहा महिन्यांत करिअरबद्दल अर्थपूर्ण बोलला का, अशी विधानं टीमने सहमती-असहमतीच्या मापावर जोखायची असतात. शेवटी दोन खुले प्रश्न आहेत: काय चालू ठेवावं आणि काय बदलावं. विधानं नेमकी आहेत, ‘तुमचा मॅनेजर चांगला आहे का?’ असली ढोबळ नाहीत, ही त्यांची खरी ताकद.

चूक होते ती वापरात. गूगलने ही उत्तरं सुधारण्यासाठी वापरली, मॅनेजरचं वेतन किंवा मूल्यांकन ठरवण्यासाठी नाही. ही अट पाळायची नसेल तर प्रश्नावली काढूच नये. उत्तरांवर बढती अवलंबून आहे असं कळलं की मॅनेजर टीमला खूश ठेवायला लागतो किंवा टीमवर नजर ठेवायला लागतो. दुसरी अट गोपनीयतेची. टीममध्ये तीन-चारच माणसं असतील तर लिहिण्याच्या ढंगावरूनही माणूस ओळखू येतो. तिथे फॉर्म देऊ नये, दोन खुले प्रश्न वन-ऑन-वनमध्येच विचारावेत आणि उत्तराचा प्रतिवाद न करता ते लिहून घ्यावं.

निकाल आल्यावर दोन आठवड्यांच्या आत टीमसमोर बसावं. काय ऐकलं ते सांगावं, बदलण्यासाठी एक किंवा फार तर दोन गोष्टी निवडाव्यात आणि काय बदलता येणार नाही तेही कारणासकट सांगावं. ‘हे कुणी लिहिलं असेल?’ हा प्रश्न गमतीतही काढू नये. प्रश्नावली घेऊन गप्प बसणं हे ती न घेण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही. रुजू होऊन पाच-सहा महिने झाल्याशिवाय ती काढण्यात अर्थही नाही. त्याआधी टीमने नव्या मॅनेजरला पुरेसं पाहिलेलंच नसतं.

टीममध्ये नवीन माणूस येणार असेल तेव्हासाठी गूगलने आपल्या मॅनेजरांना दिलेली पाच कामांची आठवण तशीच उचलावी. भूमिका आणि जबाबदाऱ्या बोलून स्पष्ट करायच्या, एक सोबती जोडून द्यायचा, ओळखी करून द्यायच्या, पहिले सहा महिने दर महिन्याला एक आढावा ठरवायचा आणि मोकळेपणाने बोलायला उत्तेजन द्यायचं. यात सुधारण्यासारखं फारसं काही नाही. भर एवढीच घालावी की सोबती मॅनेजरने आयत्या वेळी नेमू नये. त्याला आधी विचारावं आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या कामाचा भार थोडा उतरवावा.

प्रशिक्षणाचा संच एकट्याने वाचायचा नाही. त्यात मानसिकता आणि मूल्यं, भावनिक समज, मॅनेजर होण्याचं स्थित्यंतर, कोचिंग, फीडबॅक आणि निर्णय असे भाग आहेत. सोबत स्लाइड, सहभागींची वही आणि शिकवणाऱ्यासाठी मार्गदर्शिका आहे. रचना गटासाठीची आहे. पाच-सहा नवे मॅनेजर आणि एक अनुभवी माणूस असा गट जमत असेल तर संच फार उपयोगाचा आहे, विशेषतः स्थित्यंतराचा भाग. एकट्याने स्लाइड चाळून हाती काही लागत नाही.

एक मोठी उणीव राहते. काम सोपवण्याबद्दल पुरेसं व्यवहारी मार्गदर्शन इथे मिळत नाही, आणि नवा मॅनेजर थकतो तो मुख्यतः याच ठिकाणी. काम सोपवताना पाच गोष्टी बोलून घ्याव्या लागतात: शेवटी काय हाती यायला हवं, ते चांगलं झालं हे कशावरून ठरणार, कोणते निर्णय त्याने न विचारता घ्यायचे, कोणत्या टप्प्यावर दाखवायचं आणि अडलं तर किती वेळ स्वतः झटून मग विचारायचं. यातली तिसरी आणि चौथी सहसा राहून जाते. मग मॅनेजरला दर दोन तासांनी डोकावावंसं वाटतं आणि समोरच्याला वाटतं की आपल्यावर भरवसाच नाही. टप्पा आधी ठरवावा, तोही काम साधारण एकतृतीयांश झालेलं असताना. तेव्हा दिशा बदलणं स्वस्त असतं. ९० टक्क्यांवर बदल सांगितला की मॅनेजर ते काम स्वतःच्या हातात घेतो आणि दोघांचाही वेळ वाया जातो.

कालचा सहकारी आज आपल्या हाताखाली आला, या पेचावरही साहित्य तोकडं आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाशी वेगळं बोलणं हाच मार्ग. काय बदलणार, काय तसंच राहणार आणि कोणत्या गोष्टी यापुढे आपण एकमेकांना सांगू शकणार नाही, हे स्पष्ट म्हणावं. त्या पदासाठी तोही इच्छुक होता हे माहीत असेल तर तो विषय टाळू नये.

वापराचा क्रम असा ठेवावा: पहिल्या महिन्यात फक्त फेरमांडणी केलेलं वन-ऑन-वन आणि काम सोपवण्याचे पाच मुद्दे. दुसऱ्या महिन्यात तीन पायऱ्यांचा फीडबॅक, कौतुकापासून सुरुवात करून. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकासोबत एक करिअरचं संभाषण ‘ग्रो’च्या तक्त्यावर. प्रश्नावली सहाव्या महिन्यात. ज्या महिन्यात टीमवर मोठी डेडलाइन असेल, त्या महिन्यात नवं काहीच सुरू करू नये, पण वन-ऑन-वन १५ मिनिटांवर आलं तरी चालू ठेवावं.