शोकसमुपदेशनाची आठ सत्रे : माझा अनुभव

पत्नीच्या निधनानंतर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. मग मुलगीही सासरी परतली आणि संध्याकाळी कोणाशी बोलावे हेच मला कळेनासे झाले. तीन महिन्यांनी, झोप जवळजवळ उडाल्यावर, मी पुण्यातील एका खासगी केंद्रात समुपदेशनासाठी गेलो. तिथल्या आठ सत्रांबद्दल हे लिहीत आहे.

समुपदेशक बाईंनी पहिल्या दिवशी एकही उपदेश केला नाही, फक्त ती कशी होती हे विचारले. मला त्रास होईल म्हणून इतर लोक तिचे नाव निघताच विषय बदलत असत; इथे मात्र पन्नास मिनिटे मी तिच्याबद्दलच बोललो. गॅसचे बुकिंग तिच्या क्रमांकावर असल्याचे निमित्त करून मी तिचा मोबाइल दरमहा रिचार्ज करत होतो, हे मी मुलांनाही सांगितले नव्हते. तो बंद करा असे बाई म्हणाल्या नाहीत. त्यात काय काय जपून ठेवले आहे, ते त्यांनी विचारले.

शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मी वाचल्या होत्या आणि आपल्याला राग का येत नाही, याचीच मला चिंता लागली होती. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांविषयी होत्या, मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असा नियम नाही, हे बाईंनी समजावल्यावर फार हायसे वाटले. झोपेच्या तक्रारीसाठी त्यांनी स्वतः काही न सुचवता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, हेही मला मोलाचे वाटते.

उणीव एकच, पण ती बोचणारी आहे. बाहेर पडण्याची वाट प्रतीक्षाकक्षातूनच असल्यामुळे रडून लाल झालेल्या डोळ्यांनी अनोळखी माणसांसमोरून जावे लागते. शोकाकुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या केंद्राने दोन मिनिटे बसण्यापुरता आडोसा तरी ठेवायला हवा. एका सत्राचे १,२०० रुपयेही सर्वांना परवडणारे नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची, मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

सातव्या सत्रानंतर मी गॅसजोडणीवर माझा क्रमांक नोंदवला. तिचा मोबाइल अजून चालू आहे.