बेळगाव कॅम्पातील कॅथलिक युवा शिबिर : नोटर डेम कळले, मुडलगी राहिली

बेळगावच्या कॅम्प भागातील एका चर्चच्या सभागृहात महाविद्यालयीन मुलामुलींसाठी ‘जीवन, विवाह आणि नीती’ या विषयावर एक दिवसाचे शिबिर भरले होते आणि आमच्या काही विद्यार्थ्यांबरोबर मीही तेथे हजर होते. शुल्क दोनशे रुपये, त्यातच नाश्ता, जेवण आणि दोन वेळचा चहा. प्रवेश सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला. प्रार्थनेची सक्ती नव्हती आणि धर्मांतराचा विषय चुकूनही निघाला नाही, हे आधीच नोंदवून ठेवते, कारण आमच्याकडे पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. आयोजक मंडळाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझे आक्षेप माणसांवर नसून कार्यक्रमाच्या आखणीवर आहेत.

सकाळचे पहिले व्याख्यान खरोखर चांगले झाले. बाहेरगावाहून आलेल्या फादरांनी चर्चची भूमिका गुळमुळीत न करता मांडली. पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या विश्वपत्रात, म्हणजे साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या अधिकृत पत्रात, कृत्रिम संततिनियमन का नाकारले, गर्भधारणेच्या क्षणापासून जीव पवित्र का मानला जातो आणि त्याच न्यायाने पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशीची शिक्षाही अमान्य का ठरवली, हा धागा त्यांनी नीट उलगडला. गर्भपाताला विरोध करणारा माणूस फाशीलाही विरोध करतो, हे बहुतेक मुलांना नवीन होते आणि मागच्या बाकांवरची कुजबूज तेवढ्यापुरती थांबली. मत पटो वा न पटो, ते त्यामागच्या युक्तिवादासह ऐकायला मिळणे ही महाविद्यालयात दुर्मीळ झालेली गोष्ट आहे.

अडचण दुसऱ्या सत्रापासून सुरू झाली. ‘कॉलेजात नीतीसाठी कसे उभे राहावे’ या सत्रातील सगळी उदाहरणे अमेरिकेची होती. २००९ च्या मे महिन्यात नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना पदवीदान समारंभात बोलावून मानद पदवी दिली. ते गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असल्यामुळे तेथील बिशप समारंभाला गेले नाहीत, विधिज्ञ मेरी ॲन ग्लेंडन यांनी विद्यापीठाचे मानाचे पदक नाकारले आणि निषेधाच्या निवेदनावर लाखो सह्या गोळा झाल्या. हा इतिहास खरा आहे आणि सांगण्यासारखाही आहे. मात्र समारंभात ओबामांचे टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले, मतभेद असूनही परस्परांना सभ्यपणे ऐकून घ्यावे असे त्यांनी भाषणात म्हटले आणि विरोधातील काही विद्यार्थ्यांनी त्याच आवारात वेगळी प्रार्थना करून आपले म्हणणे शांतपणे नोंदवले, ही बाजू वक्त्यांनी गाळली. मला विचाराल तर शिकवण्याजोगा भाग तोच होता.

शिवाय आमच्या मुलांना २००९ हे वर्ष वेगळ्याच कारणासाठी सांगायला हवे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मंगळुरूच्या एका पबमध्ये संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली मुलींना मारहाण झाली होती. कर्नाटकातल्या मुलीला नीतीची चळवळ म्हटले की आधी तेच आठवते. पटवून देणे आणि धाकात ठेवणे यांतला फरक येथे सकाळीच स्पष्ट करायला हवा होता; तो दिवसभरात एकदाही झाला नाही.

त्याहून खटकले ते निवेदन. स्नेहसंमेलनातील फॅशन शो आणि नाचगाण्यांवर शिस्तीचे नियम घालावेत, अशी प्राचार्यांना विनंती करणारा कागद हजेरीपत्रकाच्याच फायलीत मागे लावलेला होता. मुलांनी दोन्हीवर एका दमात सह्या ठोकल्या. १९५६ पासून निवेदने देत आलेल्या या सीमाभागात सही करायला कुणाला शिकवावे लागत नाही. वाचून सही करायला मात्र शिकवता आले असते. मी विचारल्यावर व्यवस्थापकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण कागद काही परत आला नाही.

दुपारचे जेवण साधे आणि चवदार होते. पुलावानंतर कुंदाही मिळाला.

जेवणानंतरची चित्रफीत जुनी निघाली. अमेरिकेतील गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा निकाल अजून लागू आहे असे गृहीत धरून ती ‘लढा चालू ठेवा’ म्हणत होती, आणि तो निकाल तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्येच रद्द केला आहे. त्याच जून महिन्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील मुडलगीत डब्यांत भरून टाकलेले सात भ्रूण सापडले होते. त्याआधी २०१७ मध्ये कागवाडच्या पलीकडे, सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला १९ भ्रूण सापडले आणि तपासाचे धागे सीमा ओलांडून आपल्या बाजूला आले. गर्भातल्या जिवाबद्दल बोलण्यासाठी बेळगावात जमायचे आणि या दोन गावांचा उल्लेखही करायचा नाही, हे माझ्या आकलनापलीकडचे आहे. वाटलेल्या पत्रकातही भारतातील गर्भपाताचा कायदा १९७१ च्या रूपातच छापलेला होता. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, हे त्यात नव्हते. ज्या कायद्याला विरोध करायचा, तो निदान आजचा तरी असावा.

प्रश्नांसाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून ठेवली होती. त्यातून एक चिठ्ठी निघाली : ‘घरात दोन मुली आहेत, तिसरी नको म्हणून सासू वहिनीला तपासायला घेऊन जायचं म्हणते, वहिनीनं काय करायचं?’ फादरांनी ती वाचली, प्रत्येक जीव ईश्वराचे दान आहे असे इंग्रजीत सांगितले आणि पुढची चिठ्ठी उचलली. तेव्हा मागे बसलेल्या, रुग्णालयात काम करणाऱ्या एक वयस्कर सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, ‘फादर, जरा थांबा, ह्या पोरीला उत्तर देऊया.’ पुढची जेमतेम दहा मिनिटे त्या मराठीत बोलल्या. गर्भलिंग तपासणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा प्रकरणात नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असे कायदा गृहीत धरतो, त्यामुळे वहिनीने स्वतःला शिक्षा होईल या भीतीने गप्प राहू नये. तक्रार कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करता येते. दिवसभर तोंड न उघडलेल्या खानापूर आणि चिकोडीकडच्या मुली त्यानंतर एकामागून एक बोलू लागल्या. नेमके तेव्हाच, वेळ संपल्याचे सांगून समारोपाचे गीत सुरू करण्यात आले.

सभागृह, ध्वनिव्यवस्था, वेळापत्रक आणि वागणूक यांबाबत तक्रारीला जागा नाही. पहिले व्याख्यान आणि सिस्टरांची दहा मिनिटे एवढ्यासाठी दोनशे रुपये जास्त नाहीत, आणि कॅथलिक नसलेल्या विद्यार्थ्यांनीही बिनदिक्कत जावे. पाच पैकी तीन तारे देते. नाव नोंदवताना मराठीतून आणि कन्नडमधून बोलणारे कुणी आहे का व प्रश्नोत्तरांना किती वेळ ठेवला आहे, हे विचारून घ्यावे. आणि हजेरीच्या फायलीचे मागचे पान उलटून पाहिल्याशिवाय सही करू नये.