'स्टे गोल्ड' की 'माय फर्स्ट किस'?

हाय-स्टँडर्ड हा बँड म्हणजे जपानी मेलोडिक पंकमधलं, म्हणजे सुरेल चालींच्या सुसाट रॉकमधलं, मोठं नाव. माणसं तीनच, आणि बास वाजवणारा नाम्बाच गातो, तेही इंग्रजीत. नव्या माणसाला आधी काय ऐकवायचं, यावर माझ्या डोक्यात कायम दोन गाणी भांडतात.

'स्टे गोल्ड' १९९९च्या 'मेकिंग द रोड' अल्बममधलं. सुरुवातीला गिटारवाल्या योकोयामाची गिटार एकटीच धावत सुटते, मग ड्रम्स कोसळतात आणि जेमतेम दोन मिनिटांत सगळं आटोपतं. विषय साधा: मित्राने सांगितलेली गोष्ट मनात जपून ठेवणं. पण सूर असा, की वेगातही गळा दाटून येतो.

'माय फर्स्ट किस' २००० सालचं आणि उसनं. मूळ गाणं 'कितेरेत्सू' या कार्टूनचं, म्हणजे आपल्या पोरांच्या लाडक्या डोरेमॉनच्या जनकाचंच. मूळ गाणं बारीक आवाजातलं, लाडिक. यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले आणि पळवलं. गंमत भरपूर, चाल दिवसभर डोक्यातून जात नाही.

पंकला बिचकणाऱ्याला मी दुसरं लावून देईन. स्वतःसाठी मात्र 'स्टे गोल्ड', हेडफोन लावून, आवाज वाढवून.