कूलिंग सिस्टिमचा हातपंपी प्रेशर टेस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टाकीतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दर काही आठवड्यांनी ‘मिनिमम’च्या रेषेखाली जाते, पार्किंगच्या फरशीवर मात्र एक थेंबही सापडत नाही, ही माझ्या जुन्या डिझेल गाडीची तक्रार होती. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली गेली, होज पाइपांच्या क्लिपा आवळल्या गेल्या, आणि तरीही पातळी घसरतच राहिल्यावर ‘हेड गॅसकेट गेले असणार, हेड खोलून फेस मारावा लागेल’ असे सांगण्यात आले, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) उतरवून त्याखालचे सील (गॅसकेट) बदलायचे आणि हेडची बैठक घासून सपाट करायची. हेड खोलण्याचा खर्च त्या गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहता, आधी गळती कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच इंजिनाला हात लावू द्यावा, असे मी ठरवले व ऑनलाइन मिळणारा प्रेशर टेस्टरचा संच मागवला. हातपंप, त्यावर बसवलेला गेज (काट्याचा दाबमापक), रबरी नळी, निरनिराळ्या गाड्यांच्या टाकीच्या तोंडावर बसणारे अडॅप्टर, आणि सोबत चमकणाऱ्या रंगाची बाटली व यूव्ही टॉर्च, असे सगळे एका प्लॅस्टिकच्या पेटीत येते. किंमत एका साध्या सर्व्हिसिंगच्या बिलाहून कमी होती.

या साधनाचे काम समजण्यासाठी टाकीच्या झाकणाकडे पाहावे लागते. झाकणावर 0.9, 1.1 किंवा 1.4 असा आकडा असतो. हवेच्या दाबाहून तितका बार (दाबाचे एकक) जादा दाब झाकण आत धरून ठेवते आणि त्यापुढे वाट मोकळी करते. साधे पाणी उघड्यावर 100 अंश सेल्सिअसला उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर तर 95-96 अंशांनाच, परंतु 1.1 बार जादा दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू 122 अंशांच्या आसपास जातो आणि कूलंटमधले ग्लायकॉल मिसळल्यावर त्याहूनही वर. म्हणून बारीकशी गळती म्हणजे केवळ द्रवाची तूट नसते. दाब टिकत नसेल तर घाट चढताना कूलंट लवकर उकळते. शिवाय गळती सुरू होते ती गाडी तापलेली व दाब चढलेला असताना, आणि तापलेल्या धातूवर पडलेला थेंब खाली पोहोचण्याआधीच वाफ होऊन जातो. गाडी थंड झाल्यावर बॉनेट उघडणाऱ्याला मग काहीच दिसत नाही. टेस्टरचा उपयोग नेमका येथे आहे: तो थंड इंजिनात दाब निर्माण करतो, त्यामुळे थेंब थेंबच राहतो.

थंड इंजिनात, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. संचासोबतच्या माहितीपत्रकात इंजिन थोडे गरम करून चाचणी घ्या असे लिहिले आहे, ते मला पटत नाही. गरम इंजिनावर पंप मारून ठेवला की आतला द्रव निवत जातो, आकसतो, आणि गळती मुळीच नसली तरी काटा खाली येतो. उलट सकाळी चाचणी सुरू करून गाडीवर ऊन आले तर काटा किंचित वर चढतो आणि खरी गळती झाकली जाते. रात्रभर सावलीत उभी राहिलेली गाडी आणि पहाटेची वेळ हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटला. गरम इंजिनाचे झाकण उघडणे हा तसाही भाजून घेण्याचा प्रकार आहे.

दुसरी एक गोष्ट माहितीपत्रकात नाही, पण निदानात तिने मोठा फरक पडला. टाकीत हवा जितकी जास्त, तितका काटा आळशी. समजा टाकीत अर्धा लिटर हवा आहे आणि 10 मिलिलिटर कूलंट गळाले, तर 1.1 बारवरून दाब जेमतेम 0.04 बारने उतरतो. या संचातला गेज 2.5 बारपर्यंतचा असून त्याच्या रेघा जाड आहेत, त्यामुळे तेवढा फरक त्यावर दिसणेही कठीण. तेच कूलंट काठापर्यंत भरून हवा 100 मिलिलिटरवर आणली, तर तेवढ्याच गळतीला काटा सुमारे 0.19 बारने पडतो. चाचणीपुरती टाकी काठोकाठ भरायची आणि नंतर जादा कूलंट स्वच्छ सिरिंजने काढून घ्यायचे, ही पद्धत मी तेव्हापासून पाळतो.

अशा रीतीने माझ्या गाडीत 1.1 बार दाब भरल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटांत स्पष्टपणे खाली आला, आणि तरीही समोरून सगळे कोरडे दिसत होते. एअर फिल्टरचा डबा काढून, लांब दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन मी गिअरबॉक्सच्या बाजूला पाहिले, तेव्हा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) ज्या प्लॅस्टिकच्या भागात बसतो, ज्याला आपल्याकडचे फिटर ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, त्याच्या खालच्या कडेला गुलाबी थेंब धरलेला दिसला. तो थेंब जमिनीवर पडतच नव्हता. कड सोडून तो ओतीव धातूच्या उंचवट्यावरून तिरका घसरत होता आणि खालून जाणाऱ्या वायरिंगच्या काळ्या वेष्टनात शिरून नाहीसा होत होता. आजूबाजूला पांढरट-गुलाबी खरपुडीचे थर होते, म्हणजे हा प्रकार बरेच दिवस चालू असावा. रॅम्पवर खालून पाहणाऱ्याला वायरिंग जरासे दमट दिसले असते इतकेच. नवीन वॉटर बॉडी, नवीन ओ-रिंग आणि कूलंट, एवढ्यावर काम भागले. हेडचे बोल्ट सैलसुद्धा करावे लागले नाहीत. सिस्टिममधली हवा काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी तापवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाब भरला तेव्हा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. त्यानंतर कोकणात घाटातून गाडी अनेकदा उतरली-चढली, पातळी आहे तिथेच आहे.

सोबतच्या चमकणाऱ्या रंगाविषयी मात्र माझे मत फारसे चांगले नाही. कूलंटमध्ये तो मिसळून काही दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने हिरवट-पिवळी चमक शोधायची, अशी कल्पना आहे, आणि होज पाइपाच्या टोकाशी किंवा रेडिएटरच्या ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या सांध्याशी ती चांगली चालतेही. पण दिवसाउजेडी टॉर्च कुचकामी आहे, काही हिरवी कूलंटे मुळातच यूव्हीखाली चमकतात, आणि दुरुस्तीनंतर जुने डाग नीट धुतले नाहीत तर पुढच्या वेळी तेच डाग नवी गळती म्हणून फसवतात. टेस्टर असताना रंगाची गरज मला क्वचितच पडली.

नात्यातल्या एका काकांच्या सेडानवर या संचाचा खरा कस लागला. त्यांच्या काचेवर आतून तेलकट धुके साचत असे, गाडीत गोडसर वास येई आणि डाव्या बाजूचे पायाखालचे कार्पेट ओले असे. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी तिथेच उतरते, म्हणून आधी तोच संशय होता. परंतु एसीचे पाणी रंगहीन आणि बिनवासाचे असते, हे बोटाला बुळबुळीत लागत होते. दाब भरल्यावर काटा पडत होता आणि इंजिनाच्या बाजूला थेंब नव्हता. मग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, केबिनमध्ये जाणाऱ्या हीटरच्या दोन्ही नळ्या होज चिमट्याने दाबल्या आणि पुन्हा दाब भरला, तेव्हा काटा स्थिर राहिला. म्हणजे गळती डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) होती. डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी ऐकून काकांनी तूर्त त्या दोन नळ्या इंजिनाच्या बाजूलाच एकमेकींना जोडून घेतल्या. सोलापुरात हीटर लावतो कोण, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

टेस्टर काय सांगू शकत नाही, तेही लिहायला हवे. काटा पडतो, बाहेर आणि केबिनमध्ये सर्व कोरडे आहे, अशा वेळी कूलंट सिलिंडरमध्ये किंवा डिझेल गाडीत ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर कूलंटने थंड करणाऱ्या भागातून) एक्झॉस्टमध्ये जात असू शकते, आणि या दोहोंतला फरक काटा दाखवत नाही. थंड इंजिनावर टेस्टर लावून, दाब न भरता, गाडी सुरू केली आणि काटा काही सेकंदांतच झपाट्याने वर धावला, तर हेड गॅसकेटचा संशय रास्त ठरतो, कारण पाणी तापायलाही तेवढा वेळ पुरत नाही. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे. खात्रीसाठी टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढून पाहण्याची वेगळी चाचणी आहे. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण हिरवट किंवा पिवळे पडते. ते उपकरण या संचात नाही.

संचाच्या उणिवाही आहेत. नळीची झटपट जोडणी काही महिन्यांत स्वतःच दाब सोडू लागली, त्यामुळे प्रत्येक चाचणीआधी नळीचे तोंड बंद करून टेस्टरचीच परीक्षा घ्यावी लागते. अडॅप्टरचे रबरी वॉशर कूलंट लागून फुगतात. ते धुऊन, पुसून ठेवले तर टिकतात. दाब सोडण्याचे बटण इतके लहान आहे की ओल्या बोटाने ते धड दाबले जात नाही, आणि दाब न सोडता अडॅप्टर फिरवला तर कूलंट अंगावर येते. झाकणावरच्या आकड्याच्या वर पंप मारू नये, जुन्या प्लॅस्टिकच्या टाक्या त्याने तडकतात. सांडलेले कूलंट लगेच पाण्याने धुऊन काढावे, कारण इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, मांजरे-कुत्री ते चाटतात आणि त्यांच्यासाठी ते प्राणघातक विष आहे.

हायवेवर अडकल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत आणि बाटलीतले ‘लीक स्टॉप’ही त्याच जातीचे, गावापर्यंत पोहोचण्यापुरते ते ठीक, पण तो गाळ हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यापेक्षा हा संच घ्यावा, मात्र घेण्याआधी आपल्या टाकीचे झाकण आट्यांचे आहे की जुन्या रेडिएटरसारखे दाबून फिरवायचे, हे पाहून विक्रेत्याकडे त्या मापाच्या अडॅप्टरची खात्री करून घ्यावी. माझ्या संचात अडॅप्टर भरपूर होते, पण शेजारच्यांच्या नव्या गाडीला त्यांतला एकही बसला नाही आणि तो वेगळा मागवावा लागला.