यंत्रमागाशेजारी 14 महिने: गेमिंग लॅपटॉप उघडण्याचा अनुभव

मी हा 15.6 इंची गेमिंग लॅपटॉप 2023 च्या दिवाळीत घेतला. त्यात राइझन 5 5600एच प्रोसेसर, 4 जीबीचे आरटीएक्स 3050 ग्राफिक्स, 8 जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि 512 जीबी एसएसडी (फाइली कायम साठवायची जागा) होती. दिवसा उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी साच्यांचे त्रिमितीय आराखडे आणि रात्री गाड्यांच्या शर्यती, असा त्याचा वापर आहे. आमचे घर बेळगावात वडगावला असून मागच्या सोप्यात दोन यंत्रमाग चालतात. हे आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी हकिगत त्या मागांमुळेच घडली.

पहिल्यांदा लॅपटॉप उघडला तो रॅमसाठी, दुसऱ्याच महिन्यात. कंपनीने 8 जीबीची एकच पट्टी बसवली होती आणि शेजारचा खाचा रिकामा होता. एकच पट्टी असली की मेमरीचा एकच चॅनेल, म्हणजे माहिती ने-आण करण्याचा एकच मार्ग, चालतो. त्यातच प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतात. डीडीआर4 प्रकारची, 3200 वेगाची तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर वळणावर चित्र अडखळायचे ते थांबले आणि मोठा आराखडा फिरवताना लागणारी धाप गेली. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, कमाल संख्या फारशी वाढली नाही, पण किमान फ्रेम वाढल्या, आणि खेळताना डोळ्यांना जाणवतात त्या याच. या लॅपटॉपवर मी केलेल्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत सार्थकी लागला.

तळझाकणाला 11 स्क्रू आहेत आणि त्यांपैकी पुढचे तीन आखूड आहेत. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला तर तो वर तळहात ठेवण्याच्या भागाला आतून टेंगूळ आणू शकतो, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झाकणाची आकृती काढून मी प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. झाकणाचे खटके सोडवायला मुदत संपलेले एटीएम कार्ड पुरले. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढावी, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा, आणि त्यानंतरच इतर कशाला हात लावावा. दुसरी एसएसडी जोडताना मात्र वेगळीच पंचाईत झाली. एम.2, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या एसएसडीचा, दुसरा खाचा होता, पण पट्टी आवळायचा इवलासा स्क्रू ना लॅपटॉपसोबत आला होता, ना एसएसडीसोबत. शेवटी तो गणपत गल्लीतल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळाला आणि त्याने पैसेही घेतले नाहीत.

आता उष्णतेबद्दल. नवा असताना भर खेळात प्रोसेसर 88 अंशांवर राहायचा. मे महिन्यात तो 96 वर जाऊ लागला आणि ग्राफिक्सचा भाग 87 अंशांना टेकून वेग कमी करू लागला. जो तो थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारा लेप, बदलायला सांगतो, म्हणून मीही बदलली. पंखे आणि तांब्याच्या नळ्या असा संपूर्ण जोड एकत्र उचलला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली आणि स्क्रू त्यांच्यावर कोरलेल्या क्रमांकानुसार आवळले. तापमान तीन अंशांनी उतरले. मी खूश झालो, पण ऑगस्टअखेर आकडा पुन्हा 96. पातळ पेस्ट उघड्या चिपवर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत हळूहळू कडेला सरकते हे नंतर कळले, पण खरा दोष तोही नव्हता.

तिसऱ्यांदा उघडल्यावर मी पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पत्र्यांची जाळी यांना जोडणारी काळी टेप सोडवली, पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढले आणि तो बाजूला घेतला. जाळीच्या आतल्या तोंडावर सुताच्या लवेची करड्या रंगाची सलग पट्टी बसली होती. चिमट्याने एक टोक धरून ओढल्यावर ती वातीसारखी अखंड निघाली. तिच्यात एक हिरवा धागाही होता, त्या महिन्यात मागावर चढलेल्या साडीच्या काठाचा. मे महिन्यात मी बाहेरच्या बाजूने हवा मारली होती आणि त्यामुळे ती लव निघण्याऐवजी आतच राहिली होती. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "माग रोज संध्याकाळी झाडतोस, आणि हे नऊ महिने तसंच ठेवलंस?" मला उत्तर सुचले नाही.

त्या सफाईनंतर प्रोसेसर 86 वर आणि ग्राफिक्स 76 वर आले. हवा मारताना पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरावीत, कारण ती भरधाव फिरली तर बेअरिंगला इजा होते आणि उलट वीज तयार होऊन आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर जाऊ शकते. मागांसाठी घरात असलेला कॉम्प्रेसर मी मुद्दाम वापरला नाही. त्याच्या हवेतून पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात, आणि पावसाळ्यात पाणी अधिकच. हाताने दाबायचा रबरी फुगा वेळखाऊ असला तरी बिनघोर आहे.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच असतो, म्हणून चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवली आहे, आणि 14 महिन्यांनंतर मूळ क्षमतेच्या 91 टक्के शिल्लक दाखवते. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. जुन्या घरात अर्थिंग नसलेल्या प्लगवर दोन पिनांचा जोड लावून चार्जर चालवला की धातूच्या झाकणाला हात लागताच झिणझिण्या येतात. मला वाटले होते मीच आत काहीतरी बिघडवून ठेवले. वायरमनने अर्थिंग करून दिल्यावर त्या बंद झाल्या.

डिसेंबरपासून लॅपटॉप माडीवर हलवला आहे. जानेवारीत चौथ्यांदा उघडला तेव्हा जाळीवर नखाएवढीच लव होती. चार वेळा उघडण्यात डाव्या बाजूचे दोन खटके तुटले आहेत आणि झाकणाचा तो कोपरा बोटाने दाबला की टक् असा वाजतो. बदली झाकणाची किंमत मी विचारली, आणि तो आवाज तसाच राहू द्यायचे ठरवले.